गॉथेनबर्गचा मामा, कळवणचं जावळ

शनिवार, ७ फेब्रुवारी. सकाळी नाशिकरोडहून निघालो. गाडीत हजर: मी, गाडी चालवायला माझे यजमान प्रकाश, मुलगा निखिल, सून सारा, नात मीरा, तिला तिसरं वर्ष लागलंय, साराची आई मारिआन, म्हणजे माझी विहीण, आणि साराचा भाऊ योहान. सामान डिकीत, उरलेलं सगळ्यांच्या मांडीवर. मी एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. आदल्या संध्याकाळपर्यंत कामावर होते, त्यामुळे प्रवास सुरू व्हायच्या आधीच तो संपल्यासारखा थकवा आला होता.

निखिल नोकरीसाठी स्वीडनला गेला, गॉथेनबर्गला, आणि तिथलाच झाला. मंडळी पंधरवड्यासाठी आली होती आणि त्यात एकच काम ठरवून करायचं होतं, मीराचं जावळ. आमच्या घरात मुलांचे पहिले केस कळवणजवळच्या आमच्या गावी, देवीच्या ठाण्यावर काढतात, आणि तेही मामाच्या मांडीवर बसवून. म्हणून तिकिटं काढायच्या आधीच मी निखिलला फोनवर विचारलं होतं, "साराला भाऊ आहे ना?"

"आहे की. योहान. तो नक्की येईल."

मी लगेच गावी प्रकाशच्या थोरल्या भावाला, दादांना, कळवून टाकलं: सख्खा मामा स्वीडनहून येतोय. निखिल फक्त 'आहे की' म्हणाला होता. 'सख्खा' माझा. आपल्याकडे तो आपोआप लागतो, तसा लागला.

परदेशी पाहुण्यांना घेऊन आपल्याच जिल्ह्यात फिरायची वेळ ज्यांच्यावर आलेली नाही त्यांना सांगते, हे काम दमवणारं आहे. ज्या रस्त्याने आपण शेकडो वेळा गेलो, त्याच्यावरच्या प्रत्येक गोष्टीबद्दल कोणीतरी 'हे काय?' विचारतं, आणि आपल्याला निम्म्या गोष्टींची नावंच माहीत नसतात.

ओझर

आडगाव मागे पडलं तशी मीरा मागच्या सीटवरून ओरडायला लागली, "मुरमुर! मुरमुर!"

प्रकाश म्हणाले, "भूक लागली तिला. मुरमुरे मागतेय. डबा काढ."

"बाबा, ती आजीला हाक मारतेय," निखिल म्हणाला.

मग उलगडा झाला. स्वीडिश भाषेत मुर म्हणजे आई, फार म्हणजे वडील. आईची आई ती मुरमुर. वडिलांची आई फारमुर, म्हणजे मी. आईचे वडील मुरफार.

"आणि मी?" प्रकाशनी विचारलं.

"तुम्ही फारफार."

"फार फार काय?"

"फार फार बोलतात," मी म्हणाले. हे मारिआनला इंग्रजीत सांगितल्यावर ती एवढी हसली की मीरानेही हसून घेतलं.

मारिआनने आयुष्यभर शाळेत स्वीडिश भाषा शिकवली. बाई निवृत्त झाली तरी शिकवणं निवृत्त झालेलं नाही. ती म्हणाली, आमच्याकडे नात्याचे शब्द विटांसारखे आहेत, एकावर एक ठेवायचे. आईचा भाऊ मुरब्रुर, वडिलांचा भाऊ फारब्रुर. मुलाच्या मुलाला बार्नबार्न म्हणतात, म्हणजे मुलाचं मूल. नुसतं बार्न म्हणजे मूल, आणि तो शब्द 'वाहून नेणे' या क्रियापदावरून आलाय, पोटात वाहिलेलं ते बार्न. शेजारच्या डेन्मार्क-नॉर्वेत तर आजीला म्हणायला आणखी एक शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ सगळ्यात चांगली आई.

"मग आईने काय करायचं?" मी विचारलं.

"आईने स्वयंपाक करायचा," सारा म्हणाली. ती कमी बोलते, पण बोलते तेव्हा मागे काही ठेवत नाही.

मी म्हटलं, आमच्याकडे दोन्ही आज्यांना आजीच. पण काका आणि मामा यांची गल्लत आम्हीही करत नाही. मारिआनला ते फार आवडलं. तिच्या मते त्यांच्याकडची पोरं आता आळशी झालीत, चुलत-मावस-आते-मामे सगळ्या भावंडांना एकच कुसीन म्हणतात, तोही फ्रेंचांकडून आणलेला शब्द.

ओझरला विमानांचा कारखाना दिसतो का म्हणून योहान मान वाकवून खिडकीतून बघत होता. मान वाकवल्याशिवाय त्याला कोणत्याच खिडकीतून काही दिसत नाही. साडेसहा फुटाला थोडाच कमी. पुढे रस्त्याकडेच्या गाड्यावर द्राक्षं घेतली, हिरवी, लांबट. द्राक्षं खाता खाता मी मारिआनला सहज विचारलं, बायका विचारतात तसं, की योहानच्या वेळी त्रास झाला का, एवढं दांडगं बाळ.

"योहान माझ्या पोटचा नाही," ती म्हणाली.

द्राक्ष माझ्या हातातच राहिलं.

तिने शांतपणे सांगितलं. साराचे वडील लवकर गेले. नंतर ती योहानच्या वडिलांबरोबर राहायला लागली. लग्न नाही, एकत्र राहणं. त्याला त्यांच्याकडे साम्बू असा रीतसर शब्द आहे, साम म्हणजे एकत्र आणि बू म्हणजे राहणं, सरकारी कागदावरही चालतो. योहान तेव्हा पहिलीतही नव्हता. त्याची आई दुसऱ्या देशात होती. सारा आणि तो एका खोलीत वाढले. तो शाळा संपवत आला तेव्हा मारिआन आणि त्याचे वडील वेगळे झाले.

"आमच्याकडे सावत्रला पूर्वी स्टीव म्हणायचे," ती म्हणाली. "फार जुना शब्द. त्याचा मूळ अर्थ ज्याचं कोणी हिरावून नेलंय तो, पोरका. लोकांना तो नकोसा झाला. आता बोनुस म्हणतात. बोनुस-मुलगा, बोनुस-भाऊ. वरकड मिळालेला. छान आहे ना? पण आम्ही वेगळे झालो, त्यानंतर तो माझा कोण, याला मात्र आमच्याकडे शब्द नाही."

आपल्या 'सावत्र'ची चौकशी मी परत आल्यावर आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाईंकडे केली. तो सवतीवरून आलाय. तिकडे मूळ पोरकेपणात, इकडे मूळ सवतीत. योहानच्या बाबतीत सवतही नव्हती.

पण त्या वेळी माझ्या डोक्यात व्युत्पत्ती नव्हती, दादा होते. दादा म्हणजे रीत. त्यांनी गावभर सांगितलं असणार. मागे वळून पाहिलं तर योहानच्या दंडावर डोकं टेकून मीरा झोपली होती, आणि तिची लाळ त्याच्या बाहीवर उतरत होती. तो हात न हलवता बसला होता.

सटाणा

पिंपळगावहून आत वळून देवळ्यामार्गे सटाण्याला पोचलो. वाटेत मीराला गाडी लागली. माझी साडी, निखिलची पिशवी आणि उरलेली द्राक्षं एकाच वेळी गेली. सटाण्याला माझी लीलामावशी राहते, आईची धाकटी बहीण. तिचा मुलगा कांद्याचा व्यापार करतो. दुपारचं जेवण तिच्याकडे.

योहान आत शिरताना दाराच्या चौकटीवर आपटला. आवाज स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत आला.

"हाऊ लंबा कोन शे वं?" मावशीने विचारलं. तिकडे अहिराणी बोलतात, आणि मावशी तर पाहुणा कुठलाही असो, तेच बोलते.

"मीराचा मामा," मी म्हणाले. तोंडातून हेच आलं.

"मामा शे? मंग त्याले आजून एक भाकर दे."

भाकरी, वांग्याचं भरीत, शेवेची झणझणीत भाजी, उडदाची डाळ, ठेचा. मारिआनने ठेचा चटणीसारखा न घेता भाजीसारखा घेतला, आणि पुढचा बराच वेळ ती फक्त ताक पीत होती. योहान मात्र डोळ्यांतून पाणी काढत सगळं खात राहिला.

"पन काय बी खास!" म्हणजे काहीही खातो, मावशी खूश.

जेवता जेवता मारिआनने विचारलं, ही तुझी कोण? मी सांगितलं, आईची बहीण, मावशी. ती म्हणाली, आमच्याकडे मुस्तेर. मुर आणि सिस्तेर, आई आणि बहीण, घासून घासून मुस्तेर झालं. हेही मी नंतर आमच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, संस्कृतात मातृष्वसा. माता आणि स्वसा, स्वसा म्हणजे बहीण. घासून घासून मावशी झालं. ते सिस्तेर आणि हे स्वसा मुळात एकच. तसंच तिकडचं स्वेरमुर म्हणजे सासू, आणि आपली सासू श्वश्रूवरून आली, तीही एकाच जुन्या मुळातून. म्हणजे सटाण्याची लीलामावशी आणि गॉथेनबर्गची मुस्तेर या दोघी कुठल्यातरी फार जुन्या घरातून एकाच नावाने निघाल्या आहेत. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण सोमवारी, ऑफिसात, फायली समोर असताना.

निखिलने हौसेने मावशीला साम्बू समजावून सांगितलं, की तो आणि साराही लग्नाआधी काही वर्षं असेच राहिले.

मावशीने त्याच्याकडे पाहिलं. "आते लगीन व्हयनं ना?"

"हो."

"मंग बस. भाजी ले."

जेवणानंतर पुरुष मंडळी कांद्याची चाळ बघायला गेली. मारिआन आणि मी मागच्या खोलीत पाय लांब करून पडलो. पंखा फिरत होता. मी तिला विचारलं, मुलाची आई आणि सुनेची आई, या दोघी एकमेकींच्या कोण, याला तुमच्याकडे काय म्हणतात?

"काही नाही. साराची सासू, एवढंच म्हणता येईल तुला."

"आमच्याकडे विहीण. विवाहावरून. भांडायला सुद्धा हक्काचं नातं आहे ते."

तिने तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला. मग मी तिला स्पष्ट सांगितलं, की उद्या मामाला जे मांडीवर घेऊन बसायचं आहे त्याच्यासाठी मी गावी सख्खा भाऊ म्हणून कळवलंय, आणि दादांना खरं सांगावं लागणार. ते नाही म्हणू शकतात.

मारिआन माझ्याकडे कुशीवर वळली. मग तिने मला एक गोष्ट सांगितली. तिची आई, म्हणजे साराची मुरमुर, वारली तेव्हाची. त्यांच्याकडे वर्तमानपत्रात निधनाची सूचना देतात आणि तिच्यात घरातल्या सगळ्यांची नावं क्रमाने असतात, मुलं, नातवंडं, पतवंडं. ती सूचना मारिआननेच लिहिली. योहानने लहानपणी त्या बाईला मुरमुरच म्हटलेलं, तिने त्याला पोहायला शिकवलेलं. पण तोपर्यंत मारिआन त्याच्या वडिलांपासून वेगळी झालेली होती. तिची बहीण म्हणाली, तो आता आपला कुठे? मारिआनने नाव घातलं नाही. अंत्यविधीला योहान आला, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला, आणि कॉफी न घेता गेला.

"त्याने मला कधीच काही म्हटलं नाही," ती म्हणाली. "साराने फोन केला, मामा पाहिजे म्हणून, तर त्याने दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली. मामाने कपडे आणायचे असतात असं साराने सांगितलं, तर तो तीन दुकानं फिरला. आता त्याला पुन्हा मागच्या बाकावर बसवू नका."

मी म्हणाले, "बघते." आमच्या ऑफिसात लोक मला असंच काहीतरी सांगतात आणि मी असंच 'बघते' म्हणते.

गाव

दादांना आधी बाजूला घेऊन सांगायचं, मग बाकीच्यांना गाडीतून उतरवायचं, असं मी ठरवलं होतं. गाडी गावाच्या कमानीजवळ थांबली तेव्हा तिथे हलगीवाला उभा होता. बरोबर वीस-पंचवीस माणसं, हार, नारळ, गुलाल. दादा पांढऱ्या टोपीत सगळ्यांच्या पुढे.

"मामा कुठंय? मामाला आधी उतरू द्या!"

योहान उतरला. हार घालायला दादांना चवड्यांवर उभं राहावं लागलं, शेवटी योहानच गुडघे वाकवून खाली झाला. हलगी वाजायला लागली. कोणीतरी ओरडलं, "ए, मामाला नाचवा!" आणि तो माणूस नाचला, दोन्ही हात हवेत, चेहरा गुलालाने लाल. मी डिकी उघडून सामान मोजल्यासारखं केलं.

चहा झाल्यावर ओट्यावर दादा एकटे सापडले.

"दादा, एक सांगायचं होतं. योहान साराचा सख्खा भाऊ नाही."

"मंग? चुलत?"

"नाही."

"मावस? मामेभाऊ?"

"नाही."

"सावत्र हाय का?"

"तसंही म्हणता येत नाही. साराची आई आणि त्याचे वडील काही वर्षं एकत्र होते. मुलं एकत्र वाढली. नंतर ते दोघं वेगळे झाले."

दादांनी बशी खाली ठेवली. "मंग आता नातं ऱ्हायलं काय?"

"चूक माझी आहे. मी न विचारता सख्खा म्हणाले."

"वैशाली, चूक कुनाची का असंना. मी साऱ्या गावाला सांगून बसलो. त्याचं बी जाऊ दे. पन देवीपुढं बसवायचं म्हनल्यावर काहीतरी धरून बसवावं लागतं ना? असं करू. मामा नसलेल्या पोरांना आपल्यात पंढरीनाथ बसतो. लय पोरांना बसलाय. त्याला सांगतो."

"पंढरीनाथ मीराचा कोण लागतो?"

"कोन नाय. पन गावचा हाय."

प्रकाश दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "दादापुढे मी आजवर बोललो नाही. आता या वयात कुठून सुरुवात करू?"

निखिलने योहानला सगळं सांगितलं. मला वाटलं तो रागावेल. तो म्हणाला, ठीक आहे, हरकत नाही, अगदी चटकन, जसं काही उत्तर तयारच होतं. आपल्या पिशवीतून त्याने एक पुडकं काढलं, लाल लोकरीचा फ्रॉक आणि मोजे, ते साराच्या हातात दिलं आणि विहीर बघायला निघून गेला. फेब्रुवारीतल्या आमच्या गावात लोकरीचा फ्रॉक.

सारा दादांसमोर येऊन उभी राहिली. तिचं मराठी मोजकं आहे, ते तिने सगळं वापरलं. "योहान नाही, केस नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे केस राहू देत," निखिल म्हणाला.

"देवीचं जावळ हाय, तुमच्या आपसातली गंमत नाय ही," दादा म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले.

जेवायला जाऊबाईंनी, शोभाताईंनी, पुरण घातलं होतं. कोणी फारसं खाल्लं नाही. मला तेवढ्यातही भांडी किती पडली तेच दिसत होतं.

देवीचं ठाणं

रविवार. ठाणं म्हणजे शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, वर पत्रा, पुढे फरशी, बाजूला कांद्याचं शेत. केस कापायला सोपानराव कात्री-वस्तरा घेऊन आले होते. पंढरीनाथ इस्त्रीचे पांढरे कपडे घालून हजर होता. बसायला त्याने घरून स्वतःची उशी आणली होती.

सारा मीराला कडेवर घेऊन लांब उभी. योहान तिच्याहून लांब. मारिआन त्या दोघांच्या मधे, कोणाकडे जावं कळत नसल्यासारखी. दादा घड्याळ बघत होते, कारण मुहूर्त नसला तरी ऊन होतं.

"सूनबाई, आना पोरीला."

"योहान नाही, केस नाही."

"किती येळ चालायचं असं?"

शोभाताई खाली बसून ओवाळायचं ताट लावत होत्या. निरांजन वाऱ्याने विझत होतं, त्यांनी तिसऱ्यांदा लावलं आणि वर न बघता म्हणाल्या, "ती त्याला भाऊ म्हनती ना? मग ओवाळू द्या तिला. दिवाळीला आपन कुनाकुनाला ओवाळतो. तवा कोन दाखला मागतं?"

"फेब्रुवारीत भाऊबीज?" दादा म्हणाले.

"देवीकडं कॅलेंडर नसतं."

पंढरीनाथ हसला. सोपानराव हसले. दादा हसले नाहीत, पण विचारात पडले. रीत मोडायला ते कधी तयार होत नाहीत; रीत सापडली की मात्र त्यांना बरं वाटतं. मी संधी साधून म्हटलं, "दादा, ओवाळलं की भाऊ झाला. तुम्हीच तुमच्या त्या मालेगावच्या बहिणीकडे दर वर्षी जाता. ती कुठे सख्खी आहे?"

"तिच्याकडं मी जातो. दर साल जातो. सांगायचं तेच हाय." त्यांनी योहानला हाताने जवळ बोलावलं. "निखिल, ह्याला विचार. सख्ख्याला विचारावं लागत नाय, त्याला सुटकाच नसती. ह्याला विचारावं लागंल. पोरीला वर्षाचे कपडे करशील का?"

निखिलने विचारलं. योहान म्हणाला, "या." स्वीडिशमध्ये 'हो'ला तसंच म्हणतात.

"बहिनीनं बोलावलं तर काम टाकून येशील का?"

"या."

"पोरीच्या लग्नात मागं उभं ऱ्हायचं. मांडवात मामा घेऊन येतो नवरीला. येळ पडली तर उचलून."

योहानने मीराकडे बघून काहीतरी विचारलं. निखिल म्हणाला, "तो म्हणतो, तेव्हा तिचं वजन किती असेल?"

इथे सगळेच हसले. दादाही.

"आनि शेवटचं," दादा म्हणाले. "हे नीट सांग. पुढं आई-बापाचं पटलं नाय, फारकत झाली, घरं वेगळी झाली, तरी मामा हा मामाच ऱ्हातो. तो सुटत नाय. कबूल हाय का?"

निखिलने आधी साराकडे पाहिलं, मग हळूहळू, अडखळत सांगितलं. मारिआन खाली फरशीकडे बघत होती. तिचा हात तोंडावर होता.

योहान या वेळी 'या' म्हणाला नाही. त्याने दादांकडे पाहिलं, वाकून, कारण दादा त्याच्या छातीला लागतात, आणि मान डोलावत राहिला. मग काहीतरी बोलला. निखिलने सांगितलं, "तो म्हणतो, कबूल आहे. आणि हे कोणीतरी मोठ्याने म्हटलं ते बरं झालं."

"मंग बसा," दादा म्हणाले. "पंढरीनाथ, तुझी उशी दे त्याला."

साराने ओवाळलं. ताट तिने उलट्या दिशेने फिरवलं, शोभाताईंनी तिचा हात मनगटाला धरून सरळ केला. टिळा लावताना योहान फरशीवर बसला होता, तरी साराला फार वाकावं लागलं नाही. ओवाळणी म्हणून ताटात काय टाकायचं ते त्याला माहीत नव्हतं. खिशात मीरासाठी ठेवलेलं चॉकलेट होतं, ते टाकलं, आणि ते मीरानेच उचललं.

मग मांडीवर मीरा, मागे सोपानराव, समोर शोभाताई. प्रकाशची बहीण येऊ शकली नव्हती, म्हणून आत्याच्या जागी पदर पसरून केस झेलायला त्या बसल्या. पहिली बट पडेपर्यंत मीरा चॉकलेट खात शांत होती. मग तिने जो सूर लावला तो शेतातल्या माणसांनीही उभं राहून ऐकला. योहानने तिचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि तिच्या कानाशी काहीतरी गुणगुणत राहिला. वस्तरा फिरला, केस सोनेरी-काळे पदरात पडत गेले, आणि अर्धं डोकं झालं तेव्हा योहानचा चेहरा बदलला. त्याने खाली पाहिलं. मीराने त्याच्या मांडीवर शी-शू दोन्ही उरकली होती. लंगोट घालायचा साराकडून गडबडीत राहिला होता.

तो उठला नाही. उरलेलं अर्धं डोकं होईपर्यंत तसाच बसून राहिला.

"झालं!" दादा ओरडले. "मामा पक्का झाला!"

मारिआन माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि तिने माझा दंड धरला. "विहीण," ती म्हणाली. माझे गुडघे दुखत होते, आणि मला बसायला पंढरीनाथची उशी हवी होती, पण ती आता धुवायला गेली होती.

परत

निघायच्या आधी दादांनी मामाचा आहेर काढला. शर्ट-पँटचं कापड, टॉवेल, टोपी. टोपी योहानच्या डोक्यावर झाकणासारखी बसली. दादांनी बोलावलेल्या कळवणच्या शिंप्याने त्याला उभा केला, स्टुलावर चढून खांद्याला टेप लावला, आणि मग कापडाकडे पाहिलं.

"दादा, यात याची हाफ पँट व्हईल. शर्टाचं पुढच्या वर्षी बघा."

दादांचा चेहरा पडला. कोरं, अपुरं कापड देऊन मामाला वाटेला लावणं त्यांच्या लेखी नव्हतंच. त्यांनी मला बजावलं, "नाशिकला मोठं कापड घे. शिवून त्याच्या अंगावर घाल. आहेर अंगावर गेल्याबिगर जावळ पुरं झालं असं मी म्हननार नाय."

वणी-दिंडोरीच्या रस्त्याने आलो. बहुतेक सगळे झोपले होते. प्रकाश गाडी चालवत होते आणि मी त्यांना झोप लागू नये म्हणून बोलत होते, काय बोलत होते ते आठवत नाही.

सोमवारी ऑफिस करून, संध्याकाळी मेनरोडला जाऊन कापड घेतलं, पांढरं सुती शर्टाचं आणि करडं पँटचं. दुकानदाराने किती मीटर ऐकून दोनदा विचारलं. आमचा शिंपी मात्र भाचीच्या लग्नाला गावी गेलेला. तो येईपर्यंत मंडळी स्वीडनला परत गेली.

मग मी योहानला मेसेज करून माप मागितलं. छाती, खांदा, बाही, कंबर, उंची, कसं मोजायचं तेही लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा लिहिलं. तेव्हा उत्तर आलं: माप पाठवणार नाही. साराकडून कळलं की खरी भाऊबीज दिवाळीत असते. तेव्हा येतो, शिंप्याकडे मीच उभा राहीन.

दादा आठवड्याला फोन करतात. "मामाचा आहेर झाला?" मी सांगते, माप यायचंय. "कधी?" मी सांगते, दिवाळीत. ते म्हणतात, बरं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारतात.

कापड दिवाणखान्यातल्या कपाटात वरच्या खणात आहे. शिंपी परत आल्यावर त्याने हात लावून पाहिलं आणि सांगितलं, सुती आहे, आटेल. शिवायच्या आधी एकदा पाण्यातून काढून वाळवून ठेवा. एवढं लांब कापड आमच्या बाल्कनीतल्या दोरीवर मावत नाही, गच्चीवर न्यावं लागेल. ते अजून झालेलं नाही.